एका गाडीपुरती सावली

मृत्युपत्र

लिहून ठेवणार : श्रीमती विजयमाला उदयसिंह इंगवले, वय ६७, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर.

मी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय बिघडले होते, ते गेल्या महिन्यात दुरुस्त करून आणले. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी दम दिलेला नाही की गोड बोलून फसवलेले नाही. या कागदात जी फसवणूक आहे ती मी केलेली आहे आणि ती कलम ६ मध्ये आहे. घाई असेल त्याने थेट तिकडे जावे, पण मग नंतर मला बोल लावू नये.

आमच्या वकीलबाई अ‍ॅड. मोना शिरगावकर यांनी कच्चा मसुदा वाचून सांगितले की, "काकू, मृत्युपत्रात मिळकत लिहायची असते, मनातलं नाही." त्यांचे वय कमी आहे. माझी मिळकत दोन पानांत संपते.

कलम १. दि. ९ जून २०२२ रोजी केलेले माझे पहिले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. त्याचे कारण असे.

मी मार्च महिन्यात अकरा दिवस दवाखान्यात होते. माझी धाकटी जाऊ क्रांती धैर्यशील इंगवले, वय ५९, ही सरकारी दवाखान्यात परिचारिका होती आणि मागल्या वर्षी निवृत्त झाली. ती रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि दिवे लागेपर्यंत बसायची. मला ऑपरेशनला नेताना मी तिला एवढेच म्हणाले की माझ्या गाडीवर धूळ बसेल. ती म्हणाली, "गाडीची काळजी करू नगासा आक्का, मी बघतो."

बाराव्या दिवशी रिक्षातून उतरले आणि दारात माझी पांढरी स्कूटर पाहिली. चोवीस वर्षे मी ती दर रविवारी स्वतः धुतली, पुसली, मेण लावून घासली. इतकी लख्ख ती मला एकदाही दिसली नव्हती. समोरचे गुंडू चौगुले, जे केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहेत, ते मुद्दाम रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "वैनी, गाडीवर जाळं हुतं बघा, आता एक रेघ न्हाय." मी विचारले, कसले जाळे? तेव्हा कळले की मी इतकी वर्षे जोर लावून गोल गोल पुसत आले, त्याने रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उठले होते. ते फक्त उन्हात दिसतात. माझी गाडी कायम सावलीत असल्याने मला ते कधी दिसलेच नाहीत. क्रांतीने गाडी उन्हात काढली, ते पाहिले, आणि हलक्या हाताने, सरळ रेषेत, रोज सकाळी थोडे थोडे करून सगळे घालवले.

छातीला टाके असताना मनुष्याने रागावू नये असे डॉक्टर म्हणाले होते. मी खाटेवर पडून भिंतीकडे तोंड केले आणि स्नेहलला, म्हणजे माझ्या सुनेला, सांगितले की मला झोप आली आहे. मला झोप आली नव्हती. मी जळत होते. शाळेत तेहतीस वर्षे 'मत्सर' या शब्दाचा अर्थ मी मुलांकडून पाठ करून घेतला, तो मला त्या दुपारी नीट समजला.

कलम २. मंगळवार पेठेतील आमच्या घराचा पूर्वेकडील अर्धा भाग, म्हणजे खाली दोन खोल्या, वर एक खोली व मागची न्हाणी, हा माझे पती कै. उदयसिंह यांनी त्यांच्या मृत्युपत्राने मला दिलेला असून त्यावर माझी एकटीची मालकी आहे. तो माझ्या पश्चात माझा मुलगा श्रेयस यास मिळावा. पश्चिमेकडील अर्धा भाग माझे दीर धैर्यशील यांचा आहे व त्याच्याशी माझा संबंध नाही. पुढच्या दारची पत्र्याची शेड मात्र श्रेयसला मिळणार नाही. पहिल्या मृत्युपत्रात मी ती त्याला दिली होती. तो पुण्याहून आला की पावले टाकून शेड मोजतो आणि म्हणतो, "आई, ही पाडली आणि दोन पायऱ्या तोडल्या की माझी कार बसते." बाळा, तुझी कार तू पुण्यात धुतोस कधी? मागच्या काचेवर कोणीतरी बोटाने 'धुवा' असे लिहिले होते, ते तू गणपतीला आलास तेव्हा होते आणि दिवाळीला आलास तेव्हाही होते.

कलम ३. बँकेतील ठेवी व पोस्टातील रक्कम श्रेयसला मिळावी. माझा कोल्हापुरी साज स्नेहलला मिळावा. तो तिने वितळवून नव्या पद्धतीचे काही करू नये. तिने माझी सेवा मनापासून केली, हेही लेखी असू दे, कारण तोंडाने मी म्हटलेले नाही.

कलम ४. गाडी पुसण्याचे साहित्य. दोन बादल्या, पैकी लाल साबणाची आणि निळी साध्या पाण्याची, तीन जुने दात घासायचे ब्रश, मेणाचा अर्धा डबा, आणि फडकी. फडक्यांविषयी सांगावे लागेल. आमचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, ते २००९ साली गेले. त्यांची मलमली धोतरे फाडून आम्ही दोघी जावांनी गाडी पुसायला वाटून घेतली. वाटणी मी केली. जुनी, विरलेली, लोण्यासारखी मऊ झालेली मी ठेवली आणि नवी, खळ असलेली क्रांतीला दिली. ती म्हणाली, "नवी मला दिलासा व्हय आक्का?" आणि खूश झाली. पुसायला जुने चांगले हे तिला तेव्हा ठाऊक नसावे असे मी धरून चालले. मऊ फडकी सात शिल्लक आहेत. ती सर्व क्रांतीस द्यावीत. बादल्या कोणीही घ्याव्यात.

कलम ५. माझी स्कूटर. हिचे पासिंग नूतनीकरण झालेले असून कागद कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. ही गाडी क्रांतीची मुलगी भैरवी हिला मिळावी, अशा अटीवर की तिच्या आईने ती पुसू नये. भैरवीने स्वतः पुसावी, नाहीतर मळकी ठेवावी. वकीलबाई म्हणतात ही अट कोर्टात टिकणार नाही. न टिको. मेल्यावरसुद्धा माझी गाडी तिच्या हाताने चमकलेली मला चालणार नाही, आणि हे मी खोटे कशाला लिहू?

कलम ६. पुढच्या दारची पत्र्याची शेड, लांबी सात फूट, रुंदी चार फूट, जिच्यात एकच दुचाकी राहते. दाराच्या दुसऱ्या बाजूला गटाराची वाट आहे, तिथे पत्रा घालता येत नाही. म्हणजे आमच्या दारात सावली एका गाडीपुरतीच आहे. ही शेड वाटणीपत्रात माझ्या पतींच्या हिश्श्याला लिहिलेली आहे. ती तिथे कशी लिहिली गेली ते मी सांगते.

२००१ सालच्या पाडव्याला दोघा भावांनी आपापल्या बायकांना स्कूटर घेतल्या. भांडण नको म्हणून एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या. मला शाळेत जायला, क्रांतीला ड्युटीला. नंबरही लागोपाठचे मिळाले. थोरली म्हणून आधीचा मी घेतला. गाडी कशी धुवायची, मेण किती घ्यायचे, ऊन चढायच्या आत का आवरायचे, हे सगळे क्रांतीला मी शिकवले. ती आजऱ्याच्या बाजूची, काजूच्या बागेत वाढलेली, तिच्या माहेरी सायकलसुद्धा नव्हती. महिन्याभरात तिची गाडी माझ्यापेक्षा लख्ख दिसू लागली. जखम पुसणारा हात तो. मी घासायची, ती पुसायची.

दादा सकाळी चहा झाला की दारात यायचे आणि तिच्या गाडीपुढे वाकून मिशीला पीळ द्यायचे. गल्लीला ऐकू जाईल असे म्हणायचे, "धाकटीच्या गाडीत मिशी दिसती बघ माझी! थोरलीच्या गाडीत नुसतं धुकं हाय." लोक हसायचे. क्रांतीही हसायची, तोंडावर हात ठेवून. मला या घरात वीस वर्षे झाली होती. सासूबाई अंथरुणावर होत्या तेव्हा शाळा सांभाळून त्यांचे सगळे मी केले. दादांची पथ्ये, दादांचे पाहुणे, दादांच्या तालमीतल्या पोरांसाठी पातेलेभर तांबडा रस्सा, सगळे मी केले. त्या माणसाने मला एकदाही चांगले म्हटले नाही. आणि मिशी दिसली म्हणून तिला रोज सकाळी शाबासकी! मला ते सहन होत नव्हते. आजही होत नाही.

२००३ साली दादांनी सांगितले की दसरा-दिवाळी झाली की वाटणी करून टाकू. खोल्यांचा प्रश्न नव्हता, प्रश्न शेडचा होता. दादा म्हणाले, "ज्या गाडीची निगा चांगली, ती सावलीत. दुसरीला ऊन काय नि सावली काय, सारखंच की." दिवाळीनंतर बघून ठरवणार असे ते म्हणाले. सगळ्यांना ठाऊक होते कोणाला मिळणार.

आमच्याकडे दसऱ्याला गाड्यांची पूजा होते. झेंडूचे हार, लिंबू, नारळ, आणि गाडीच्या तोंडावर कुंकवाचे स्वस्तिक. स्वस्तिक घरातल्या मोठ्या बाईने काढायचे. सासूबाई गेल्यावर तो मान माझा. आदल्या दिवाळीत बाजारातले एक स्वस्त कुंकू मी देवघराच्या पांढऱ्या दाराला लावले होते. त्याचा गुलाबी डाग तेल लावले, लिंबू लावले तरी जन्मात निघाला नव्हता. त्याची पुडी मी टाकून दिली नव्हती. का टाकली नव्हती ते तेव्हा ठाऊक नव्हते, असे मी इथे लिहिणार होते. पण ठाऊक होते.

दसऱ्याच्या सकाळी माझ्या गाडीवर मी चांगले कुंकू पाण्यात कालवून स्वस्तिक काढले. क्रांतीच्या गाडीवर ते स्वस्त कुंकू खोबरेल तेलात कालवून काढले, जाड, सावकाश, चार ठिपक्यांसकट. ती हात जोडून शेजारी उभी होती. मी तिला म्हणाले, "दिवाळीपर्यंत पुसू नगंस हं. पूजेचं स्वस्तिक हातानं पुसलं तर गाडीला अपशकून हुतो." ती म्हणाली, "व्हय आक्का." माझे मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुसून टाकले आणि विचारले तर मांजराने पंजा मारला असे सांगितले.

तीन आठवडे ती गाडी उन्हात गुलाबी स्वस्तिक घेऊन ड्युटीला गेली. दिवाळी झाल्यावर तिने पुसले. डाग तसाच. मग लिंबू, मग टूथपेस्ट, मग कोणाच्या तरी सांगण्यावरून खरबरीत पॉलिश आणून तिने इतके घासले की डागाबरोबर रंगही गेला आणि खालचा करडा पत्रा उघडा पडला. धैर्यशीलभावजींनी नवी गाडी खरडली म्हणून तिची किल्ली काढून घेतली. महिनाभर ती केएमटीने ड्युटीला गेली, दोन बस बदलून. मी माझ्या स्कूटरवरून शाळेत जाताना ती थांब्यावर दिसायची आणि मला हात करायची. मीही हात करायची.

वाटणीच्या दिवशी दादा दोन्ही गाड्यांपुढून फिरले. क्रांतीच्या गाडीपुढे वाकले, करड्या ठिगळात मिशी दिसली नाही, तसे सरळ झाले. शेड थोरलीला. तेव्हापासून माझी गाडी सावलीत आहे आणि तिची उन्हात. एकवीस वर्षांत तिचा पांढरा रंग पिवळा पडला, सीट तीनदा फाटली. ठिगळावर तिने अंबाबाईचे चित्र चिकटवले आणि बाकीची गाडी ती दर रविवारी तशीच पुसत राहिली. आम्ही दोघी एकाच वेळी पुसायचो, मी पत्र्याखाली आणि ती उन्हात डोक्यावर पदर घेऊन.

सबब ही शेड माझी नाही. ती मी कुंकवाने चोरली. माझ्या पश्चात ती शेड, तिच्या पत्र्यासह, चार खांबांसह व खालच्या फरशीसह, क्रांती धैर्यशील इंगवले हिला मिळावी. श्रेयसने किंवा अन्य वारसाने तक्रार करू नये. केल्यास हे कलम गल्लीत मोठ्याने वाचावे.

कलम ७. मृत्युपत्र मेल्यावर उघडते, म्हणून मी हे सगळे बिनधास्त लिहिले होते. मग काल दुपारी क्रांती माझ्या गोळ्या द्यायला आली आणि मला वाटले की ही सोयीची युक्ती आहे. मी मेल्यावर ती शिव्या देईल त्या मला ऐकू येणार नाहीत, आणि ती रडली तर दिसणार नाही. मुलांच्या चुका मी वर्गासमोर त्यांच्याकडूनच वाचून घ्यायची. म्हणून मी तिला बसवले आणि कलम ६ सुरुवातीपासून वाचून दाखवले. मध्ये दोनदा पाणी प्यायले.

ती गोळ्यांची पट्टी हातात धरून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आक्का, हे मला म्हाईत हाय की."

मी विचारले, कधीपासून?

"दसऱ्यापास्नं. तुमचं करंगळीजवळचं बोट आट दिस गुलाबी हुतं. भाजी निवडताना पदराखाली धरत हुतासा. पेशंटच्या हाताकडं बघायची सवयच हाय की मला."

"मग बोलली का नाहीस? दादांनी तुला शेड दिली असती."

"दिली असती. आन् तुमास्नी चारचौघांत उभं करून फाडलं असतं. दादांचं तोंड तुमाला म्हाईत हाय. तुमाला ते सोसलं नसतं, आक्का. मला ऊन सोसतं."

मग तिने मला गोळी दिली, पाण्याचा पेला धरला, आणि विचारले की रात्रीला भाकरी टाकू की भात.

मी इथे स्वच्छ लिहिते की मला हलके वाटले नाही. एकवीस वर्षे मी समजत होते की मी तिच्यापासून काहीतरी लपवून ठेवले आहे. लपवून ठेवले होते तिने, आणि माझ्यापेक्षा चांगले ठेवले. गाडीत ती माझ्यापुढे गेली, दादांच्या मनात गेली, ते मी कसेबसे पचवले असते. पण माफ करण्यातही ती माझ्याआधी पोचून, पदर खोचून भाकरी टाकायला मोकळी झाली, याची मला सगळ्यात जास्त जळजळ होते आहे.

कलम ८. वरील कारणाने कलम ६ मधील 'माझ्या पश्चात' हे शब्द मला नको आहेत. मी जगले तर तिला आणखी दहा वर्षे उन्हात थांबावे लागेल आणि तेवढ्यात तीच आधी गेली तर मी कुठे तोंड दाखवू? वकीलबाई म्हणाल्या, "काकू, मृत्युपत्र जिवंतपणी लागू होत नाही. आजच द्यायचं असेल तर बक्षीसपत्र करावं लागेल." ते करायला मी त्यांना सांगितले आहे, पण कागद होईपर्यंत मला दम नव्हता. आज सकाळी सात वाजता मी स्वतः, डॉक्टरांनी जड ओढायला बंदी केलेली असताना, माझी स्कूटर शेडमधून बाहेर काढली आणि गटाराच्या बाजूला, तिच्या गाडीच्या शेजारी उन्हात लावली. मग आत येऊन खिडकीशी बसले.

क्रांती आठ वाजता बाहेर आली. तिने दोन्ही गाड्यांकडे पाहिले, शेडकडे पाहिले, आणि आत जाऊन एक फडके घेऊन आली. ऊन लागू नये म्हणून ते माझ्या सीटवर पसरले. स्वतःची गाडी तिने जागची हलवली नाही. मी खिडकीतून ओरडले, "आत घे की गाडी!" ती म्हणाली, "तुमची घ्या आदी."

आता दुपारचा एक वाजला आहे. एप्रिलचे ऊन आहे. दोन्ही गाड्या बाहेर आहेत आणि शेड रिकामी आहे. माझी मी आत घेणार नाही. या एका गोष्टीत तरी मी तिच्यापुढे हरणार नाही, मग माझ्या गाडीचा रंग जाऊन पत्रा उघडा पडला तरी चालेल.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, पुन्हा एकदा वाचून पूर्ण केले आहे. याची अंमलबजावणी अ‍ॅड. मोना शिरगावकर यांनी करावी.

ठिकाण : मंगळवार पेठ, कोल्हापूर
दिनांक : १७ एप्रिल २०२५

(सही) विजयमाला उदयसिंह इंगवले

आम्ही खालील दोघांनी श्रीमती विजयमाला इंगवले यांना आमच्यासमोर सही करताना पाहिले आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या. त्या शुद्धीवर व ठाम होत्या. त्यांच्या आग्रहावरून हेही नमूद करतो की सही करून निघताना दुपारी सव्वादोन वाजता शेड रिकामी होती.

साक्षीदार १ : (सही) गुंडू बापू चौगुले, समोरचे घर, मंगळवार पेठ, कोल्हापूर
साक्षीदार २ : (सही) अ‍ॅड. मोना शिरगावकर, कोल्हापूर